कशाचंच काही वाटत नाही, तेव्हा आधी काय तपासायचं

उत्तराआधी तुमच्या प्रश्नाचा गाभा माझ्या शब्दांत मांडते. काही चुकीचं समजले असेन तर सांगा.

वय 38, नोकरी व्यवस्थित, घर व्यवस्थित. कुणाचं काही अडू देत नाही. पण साधारण वर्षभरापासून कशाचंच काही वाटेनासं झालंय. बढती मिळाली, अभिनंदनाचे फोन आले, तुम्ही सगळ्यांशी हसून बोललात आणि फोन ठेवल्यावर आत सगळं कोरडं ठाक. मुलाने बक्षीस आणून दाखवलं, तुम्ही ‘अरे वा’ म्हणालात, तेही फक्त तोंडाने. रडू येत नाही, दुःख होत नाही, झोप आणि भूक ‘तशी ठीक’. सुट्टीच्या दिवशी नुसतं पडून राहिलं तरी बरं वाटत नाही. हा आळस आहे का, हे डिप्रेशन आहे का, की मी आता अशीच झाले, असे तुमचे तीन प्रश्न. आणि शेवटी एक ओळ: ‘याची भीती वाटायला हवी, पण तीही धड वाटत नाही.’

त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. अनास्थेची तक्रार असलेली माणसं माझ्याकडे ढोबळमानाने दोन वाटांनी येतात. काही स्वतःहून येतात, काहींना घरचे आणतात. घरच्यांनी आणलेल्या माणसाला ‘काय त्रास होतोय?’ असं विचारलं की बऱ्याचदा तो शांतपणे म्हणतो, ‘मला काही नाही, यांनाच वाटतं.’ पक्षाघातानंतर, पार्किन्सन्समध्ये, अल्झायमरमध्ये असं दिसतं. अल्झायमरमध्ये तर वागण्यातल्या बदलांपैकी हा सगळ्यात जास्त आढळणाऱ्यांतला एक. तिथे आपलं काही हरवलंय ही जाणीवच पुसट झालेली असते. तुमची जाणीव शाबूत आहे. आधी काय वाटायचं हे तुम्हाला आठवतंय, आता तसं वाटत नाही हे खुपतंय, आणि त्यावर बसून एवढं सविस्तर लिहिण्याइतकं खुपतंय. ज्याला खरोखर कशाचंच काही उरलेलं नसतं, तो इतका नेमका प्रश्न विचारत नाही. त्यामुळे ‘मी आता अशीच झाले’ हे मला सध्या तरी मान्य नाही.

आळसाचा प्रश्न पटकन संपवते. आळस करणाऱ्याला न करण्यात सुख असतं. काम बाजूला टाकून तो जे काही करतो, ते चवीने करतो. तुम्ही कामं टाळत नाही, आणि टाळलीत तरी तुम्हाला मजा येत नाही. दोन्ही बाजूंनी हे आळसाच्या विरुद्ध आहे. स्वतःला आळशी म्हणण्याने एक नुकसान मात्र होतं: माणूस स्वतःवर जास्त जोर लावायला लागतो, आणि आधीच जड वाटणारी प्रत्येक गोष्ट आणखी जड होते.

डिप्रेशनचं उत्तर इतकं सरळ नाही. ‘दुःख होत नाही, म्हणजे डिप्रेशन नसणार’ हा तर्क मी रोज ऐकते, आणि तो चुकीचा आहे. डिप्रेशनच्या निदानात दोन मुख्य लक्षणं धरतात. मन सतत खिन्न असणं, आणि गोष्टींतला रस किंवा आनंद जाणं. यातलं एक असलं तरी पुढची चौकशी सुरू होते. दवाखान्यांत सर्रास वापरली जाणारी पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची यादी आहे, तिचा पहिलाच प्रश्न गेल्या दोन आठवड्यांत रस किंवा आनंद कमी झाला का, असा आहे. उदास वाटण्याचा प्रश्न त्यानंतर येतो. म्हणजे अश्रूंशिवायचं डिप्रेशन असतं, आणि ते उशिरा ओळखलं जातं, कारण बाहेरून सगळं सुरळीत दिसतं.

याची दुसरी बाजूही आहे. प्रत्येक अनास्था म्हणजे डिप्रेशन नव्हे. रॉबर्ट मॅरिन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने 1990 च्या सुमारास हे आग्रहाने मांडलं की प्रेरणा हरवणं ही स्वतंत्रपणे ओळखायची अवस्था आहे, तिला नैराश्याच्या पोटात ढकलू नका. 1991 मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी ती मोजण्यासाठी 18 विधानांची एक पट्टीही तयार केली. व्यवहारात फरक असा दिसतो: डिप्रेशनमध्ये माणूस स्वतःबद्दल वाईट बोलतो, अपराधी वाटतं, पुढे सगळा अंधार दिसतो. निव्वळ अनास्थेत ती वेदना नसते, फक्त कशाकडे ओढ नसते. प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांत मिसळलेली आढळतात, म्हणून चार ओळी वाचून ‘हे’ किंवा ‘ते’ असा शिक्का मी मारणार नाही, आणि कुणी मारला तर तुम्हीही मान्य करू नका.

तुम्ही लिहिलेल्या नाहीत अशा काही गोष्टींवर बरंच अवलंबून आहे. पहिली म्हणजे शरीर. थायरॉइडचं काम मंदावलं, रक्तातलं लोह किंवा बी-12 कमी झालं, तर नेमकी अशीच निरिच्छ मरगळ येऊ शकते. ‘झोप तशी ठीक’ हेही मला पुरत नाही. सात तास झोपूनही सकाळी थकलेलंच उठता का? जोरात घोरता का, झोपेत श्वास अडकतो असं घरच्या कुणी सांगितलंय का? झोपेतल्या श्वसनाचा त्रास वर्षानुवर्षं लक्षात येत नाही आणि माणूस स्वतःच्या स्वभावाला दोष देत राहतो. यातलं बरंचसं साध्या तपासण्यांत कळतं, म्हणून मनाचं काम सुरू करतानाच मी लोकांना फॅमिली डॉक्टरकडे पाठवते. कित्येकांना हे मनाला लागतं. त्यांना वाटतं, ‘माझं दुःख हिने थायरॉइडवर घालवलं.’ असू दे. तपासणी नॉर्मल आली तरी एक शंका कायमची जाते.

दुसरी गोष्ट औषधं. डिप्रेशन किंवा चिंतेसाठी तुम्ही एसएसआरआय गटातली गोळी घेत असाल, तर भावना बोथट होणं हा तिचा माहीत असलेला परिणाम आहे आणि तो दुर्मीळ नाही. लोक म्हणतात, ‘रडू थांबलं, पण हसूही थांबलं.’ असं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मात्रा कमी करणं, औषध बदलणं असे पर्याय असतात. गोळी मनाने एकदम बंद करू नका. त्याने चक्कर, बेचैनी, झोपेचा विचका असे त्रास होतात आणि मूळ आजार उलटू शकतो. रोजची दारू किंवा गांजा असेल तर तोही हिशेबात धरा.

तिसरी गोष्ट, हे सुरू होण्याच्या आगेमागे काय घडलं. जवळच्या कुणाचा मृत्यू, अपघात, हिंसा, मोठं आजारपण असं काही घडलं असेल, तर हा सुन्नपणा वेगळा असतो. फार मोठा आघात झाला की मन वेदनेबरोबर बाकीच्या भावनाही बंद करतं. त्यावर मी पुढे सांगणार असलेले घरगुती उपाय पुरत नाहीत. आघातावरचे उपचार जाणणाऱ्या तज्ज्ञाबरोबरच ते काम करावं लागतं.

आता गंमतीच्या भागाकडे येते. गंमतीचा अर्थातच माझ्यासाठी.

आपण समजतो की आधी इच्छा होते, मग माणूस उठतो. प्रत्यक्षात ‘करावंसं वाटणं’ हा मेंदूने केलेला एक हिशेब असतो: यातून मिळेल काय, आणि त्यासाठी कष्ट किती पडतील. जॉन सॅलमोन या संशोधकाचे उंदरांवरचे प्रयोग इथे फार बोलके आहेत. वाटेच्या एका फाट्यावर थोडं खाणं सहज मिळतं. दुसऱ्या फाट्यावर जास्त खाणं आहे, पण मध्ये चढून ओलांडायचा अडथळा आहे. तब्येतीने ठणठणीत उंदीर चढून जास्त खाणं मिळवतात. मेंदूच्या विशिष्ट भागातलं डोपामिन हे रसायन कमी केलं की तेच उंदीर अडथळा टाळून थोडक्यावर समाधान मानतात. अडथळा काढून टाकला, की पुन्हा जास्त खाण्याकडेच जातात. म्हणजे त्यांची भूक गेलेली नसते, जास्त कुठे आहे हेही ते विसरलेले नसतात. कष्ट तेवढे परवडेनासे झालेले असतात.

याच्या जोडीला केंट बेरिज या मेंदूसंशोधकाचं काम ठेवा. हवंसं वाटणं आणि मिळाल्यावर आवडणं या मेंदूतल्या दोन बऱ्याच वेगळ्या यंत्रणा आहेत, असं त्यांनी दाखवलं. डोपामिन जवळजवळ नाहीसं केलेले उंदीर अन्नाकडे स्वतःहून जात नाहीत, पण जिभेवर गोड ठेवलं तर आवडल्याच्या सगळ्या खुणा त्यांच्या तोंडावर दिसतात. (डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन, ते ‘संपतं’, मग दोन दिवस मोबाइल बंद ठेवून ते ‘भरायचं’, असली जी माहिती फिरत असते तिच्याकडे दुर्लक्ष करा. मोबाइल कमी वापरण्याला माझा विरोध नाही. त्यासाठी दिलं जाणारं कारण तेवढं चुकीचं आहे.)

उंदरांवरून माणसांवर थेट उडी मारू नये, हे मान्य. पण मला रोजच्या कामात यातून एक उपयोगाचा प्रश्न मिळाला. ‘काही वाटत नाही’ असं कुणी म्हटलं, की मी विचारते: नेमकं कुठे? सुचतच नाही? सुचतं, पण सुरुवात होत नाही? सुरुवात होते, पण मध्येच सुटतं? की सगळं नीट पार पडतं आणि शेवटी चव लागत नाही? बाहेरून चारही माणसं सारखीच दिसतात. उपाय चौघांचे वेगळे.

तुमच्या लिहिण्यात दोन्ही उदाहरणं शेवटच्या जातीची आहेत, बढती आणि मुलाचं बक्षीस. पण ही दोन्ही उदाहरणं अशी आहेत की तिथे आनंद होणं ‘अपेक्षित’ होतं, सगळे बघत होते, आणि तुम्हीही स्वतःकडे बघत होतात. होतोय का आनंद, होतोय का, असं आत डोकावत राहिलं की असलेलाही पळतो. त्यामुळे फक्त यावरून मी निष्कर्ष काढणार नाही. एक आठवडा नोंद ठेवा, मग बोलू.

नोंद अगदी साधी. दिवसातून तीन-चार गोष्टी निवडा, मोठ्या नकोत. आंघोळ, चालणं, मैत्रिणीला फोन, ऑफिसमधलं एखादं काम, मुलासोबतची पंधरा मिनिटं. करण्याआधी लिहा: यातून किती बरं वाटेल, शून्य ते दहा. केल्यावर लगेच लिहा: प्रत्यक्ष किती वाटलं. शेजारी किती जड गेलं, तेही. शेरे नकोत, विश्लेषण नको, फक्त आकडे. रात्री एकदम लिहू नका. रात्रीच्या मनाला दिवसभराचं सगळं एकाच रंगाचं आठवतं. वही काढायचाही कंटाळा असेल तर फोनवर स्वतःलाच मेसेज करा.

आठवड्याअखेर त्या आकड्यांत साधारणपणे तीनपैकी एक चित्र दिसतं.

सगळ्यात नेहमीचं चित्र हे: आधीचा अंदाज एक-दोन, नंतरचा अनुभव चार-पाच. दहा कुठेच नाही, पण अंदाजापेक्षा अनुभव बरा. लोकांना याचं नवल वाटतं, कारण त्यांना ठाम खात्री असते की काही केलं तरी काही वाटणार नाही. इथे आवडण्याची क्षमता जागेवर आहे, अंदाज बांधणारी यंत्रणा चुकते आहे. आणि चुकलेल्या अंदाजावर विसंबून आपण घरी बसतो, त्यामुळे तो अंदाज दुरुस्त व्हायची संधीच येत नाही. वजनकाटा बिघडलेला असताना त्यावर पुन्हा पुन्हा वजन करून पाहावं, तसं ‘मला हे करावंसं वाटतंय का?’ असं स्वतःला विचारत राहण्याने काही हाती लागत नाही. काही काळ काट्याकडे बघणंच बंद करायचं आणि वेळेनुसार चालायचं.

यालाच बिहेव्हिअरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. मुळं 1970 च्या दशकातली, मानसशास्त्रज्ञ पीटर लुइन्सोन यांच्या कामातली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाच्या वागण्याला जगाकडून मिळणारा चांगला प्रतिसाद आटला की मन विझतं, मन विझलं की वागणं आणखी आक्रसतं, म्हणून सुरुवात वागण्याच्या टोकाकडून करायची. वाचताना हे फारच सामान्य वाटतं. पण 2016 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत डिप्रेशन असलेल्या 440 प्रौढांवर याची तुलना अनुभवी थेरपिस्टनी दिलेल्या सीबीटीशी, म्हणजे विचार आणि वागणं या दोन्हींवर काम करणाऱ्या प्रचलित थेरपीशी, केली गेली. बिहेव्हिअरल ॲक्टिव्हेशन देणारे कनिष्ठ पातळीवरचे कर्मचारी होते, तरी वर्षभरानंतरचे निकाल सीबीटीपेक्षा कमी ठरले नाहीत. साधी गोष्ट आहे, पण नीट केली तर दमदार आहे.

‘नीट केली तर’ हे महत्त्वाचं, कारण ती बहुतेक वेळा ज्या तऱ्हेने केली जाते ती बिनकामाची असते. लोक सोमवारपासून पहाटे उठणं, व्यायाम, वाचन, ध्यान असं सगळं एकदम सुरू करतात आणि गुरुवारी थांबतात. मग ‘बघा, मला काहीच जमत नाही’ याला एक पुरावा वाढतो. मी याच्या उलट सांगते. काम इतकं लहान घ्या की ते सांगताना थोडी लाज वाटेल. चालायला जायचं नाही, बूट घालून दाराबाहेर पाच मिनिटं उभं राहायचं. चित्र काढायचं नाही, वही-पेन्सिल टेबलावर काढून एक रेघ मारायची. उंदरांचा प्रयोग आठवा: जास्त खाण्याच्या लालचीने भागलं नाही, अडथळा काढल्यावर भागलं. स्वतःला बक्षिसांची लालूच दाखवण्यापेक्षा सुरुवातीचा खर्च कमी करण्यात ताकद लावा. आदल्या रात्री बूट दाराशी ठेवणं हे मनोबलाच्या दहा भाषणांपेक्षा जास्त काम करतं.

मग त्याला एक खुंटी द्या. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी 1990 च्या दशकात दाखवलं की ‘मी व्यायाम करीन’ या संकल्पापेक्षा ‘अमुक झालं की लगेच तमुक करीन’ अशी नेमकी जोडणी पाळली जाण्याची शक्यता बरीच जास्त असते. चहाचा कप विसळला की बूट घालीन. ऑफिसातून आल्यावर पर्स ठेवली की मुलाच्या शेजारी जाऊन बसेन. निर्णय आधीच झालेला असतो, त्यामुळे त्या क्षणी मनाला कौल मागावा लागत नाही.

कामं निवडताना एक सल्ला, तो थोडा वादग्रस्त आहे. जुने छंद लगेच उकरून काढू नका. पूर्वी तुम्ही जीव ओतून गात होतात असं समजा. आता गायला बसलात तर प्रत्येक सुरागणिक ‘पूर्वी कसं वाटायचं’ याची तुलना सुरू होईल. आधी अशा गोष्टी घ्या ज्यांच्याबद्दल तुमची काही अपेक्षाच नाही. दुसऱ्या माणसाशी थेट संबंध येणारं काहीतरी, हाताने करून पूर्ण दिसणारं काहीतरी, आणि शरीर हलवणारं काहीतरी. धुतलेल्या भांड्यांचा ओटाही चालतो. आनंदाचं पुढे बघू.

आणि दोन आठवडे तरी निकाल तपासू नका. पहिल्या दिवशी काही वाटलं नाही म्हणून थांबणं हीच सगळ्यात मोठी गळती आहे.

दुसरं चित्र वेगळं. अंदाज एक, अनुभवही एक. सगळीकडे, रोज, माणसं असोत की खाणं, संगीत असो की स्पर्श. असं दिसलं तर स्वतःवर प्रयोग करत महिने घालवू नका. वर सांगितलेली औषधं, शरीर, आघात यांची शक्यता इथे सगळ्यात जास्त. हे चित्र घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

तिसऱ्या चित्रात आकडे एकाच भागात मेलेले असतात. बहुतेक वेळा नोकरी. घरी, मैत्रिणींत, प्रवासात चार-पाच-सहा येतात, आणि ऑफिसच्या ओळी शून्य-शून्य-एक. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मंजूर झालेल्या आयसीडी-11 या आजारांच्या जागतिक यादीत बर्नआउटची नोंद केली, ती आजार म्हणून न करता कामाशी निगडित अवस्था म्हणून. तिची अंगं तीन: दमणूक, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा, आणि आपल्या हातून काही घडत नाही असं वाटणं. तुमची अनास्था बढतीच्या आसपास वाढली असेल, तर मला इथे जरा रेंगाळावंसं वाटतं.

कारण अनास्थेचा एक प्रकार शहाणपणाचा असतो. सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी 1967 च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत, जे विजेचे झटके काही केल्या थांबवता येत नाहीत अशा झटक्यांतून गेलेले कुत्रे, नंतर सुटका शक्य असूनही बऱ्याचदा प्रयत्न करत नसत. याला ‘शिकलेली असहायता’ म्हटलं गेलं आणि ती कल्पना जगभर पसरली. त्याच दोघांनी 2016 मध्ये मेंदूवरच्या नव्या कामाच्या आधारे स्वतःचाच सिद्धान्त उलटा केला. दीर्घ त्रासात निपचित पडणं हा मेंदूचा मूळचाच प्रतिसाद आहे, तो शिकावा लागत नाही. शिकावं लागतं ते ‘माझ्या हातात काहीतरी आहे’ हे, आणि ते शिकलं की मेंदूचा पुढचा भाग त्या निपचितपणाला आवर घालतो.

मला हा बदल फार मोलाचा वाटतो. नोकरीत तुमचं म्हणणं वर्षभर कुणी ऐकत नसेल, बढतीने जबाबदारी दुप्पट दिली आणि अधिकार काडीचा दिला नसेल, तर तिथे मन न गुंतवणं हे बिघडलेल्या मनाचं लक्षण नाही. अशा वेळी ‘सकारात्मक राहा’ म्हणणं क्रूरपणा आहे. तिथे विचारायचं एवढंच: या सगळ्यात खरोखर माझ्या हातात काय आहे, लहानात लहान? एखाद्या बैठकीला नाही म्हणणं, एखादं काम माझ्या पद्धतीने करणं, सुट्टीच्या दिवशी मेल न उघडणं. ते करून बघा आणि त्याचा परिणाम झाला का हे मुद्दाम लक्षात घ्या. परिणाम होताना दिसणं हेच औषध आहे. काहीही केलं तरी परिणाम होत नसेल, तर प्रश्न तुमचा नाही, जागेचा आहे, आणि मग जागा बदलण्याचा विचार पळपुटेपणा ठरत नाही. ते प्रत्येकाला लगेच परवडत नाही, हेही मला माहीत आहे.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: आधी शरीर आणि औषधं तपासा, सोबत आठवडाभर आकडे लिहा, आणि त्यातलं चित्र बघून मग ठरवा की सुरुवात लहान करायची, डॉक्टर गाठायचे, की परिस्थितीला हात घालायचा.

मुलाबद्दल तुम्ही लिहिलंय ते वेगळं घेते. त्याच्यासमोर आनंदाचं नाटक वाढवू नका. त्यात तुमची ताकद जाते आणि मुलांना ते बऱ्याचदा कळतं. त्याऐवजी लक्ष द्या, कारण लक्ष देणं भावनेवर अवलंबून नाही. ‘अरे वा’ऐवजी एक खरा प्रश्न विचारा: ‘यातलं सगळ्यात अवघड काय होतं?’ आणि उत्तर मिळेपर्यंत फोन बाजूला ठेवून त्याच्याकडे बघा. दोन मिनिटं पुरे. त्याला त्या क्षणी तुमचा आनंद जितका हवा असतो, त्याहून जास्त तुमची नजर हवी असते. नवऱ्याला किंवा घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला मात्र खरं सांगा. ‘माझं तुमच्यावरचं प्रेम गेलेलं नाही, ते सध्या मला जाणवत नाही’ हे वाक्य बोलायला जड आहे, पण न बोलल्याने समोरचा स्वतःच्या मनाने जे अर्थ लावतो ते बहुतेक वेळा याहून वाईट असतात.

बरं होण्याबद्दल एक पूर्वसूचना, कारण इथे लोक घाबरतात. सुन्नपणा ओसरायला लागतो तेव्हा पहिली परत येणारी भावना क्वचितच आनंद असते. माझ्या अनुभवात आधी येते ती चिडचिड, किंवा जाहिरात बघताना अचानक भरून येणं, किंवा एखाद्या जुन्या गोष्टीचा राग. माणूस म्हणतो, ‘आधी निदान शांत तरी होते, आता बिघडले.’ अशा वेळी मी त्यांना थांबू नका असं सांगते. हे फारच तीव्र झालं, झोप उडवायला लागलं, तर अर्थातच लगेच कळवायचं. किती वेळ लागेल हे कारणावर ठरतं. लोहाची कमतरता भरली तर काही आठवड्यांत फरक दिसू शकतो, बर्नआउटला कित्येक महिने लागतात.

डॉक्टरांकडे कधी जायचं? वर्ष झालंय, म्हणजे माझ्या मते आताच. आकड्यांचा आठवडा आणि डॉक्टरांची वेळ घेणं हे दोन्ही एकाच वेळी सुरू करा. आणि यातली एखादी गोष्ट असेल तर आठवड्याचीही वाट पाहू नका: सकाळी उठलेच नाही तरी चालेल असं वाटणं, मी नसले तर कुणाचं काही अडणार नाही असे विचार, किंवा स्वतःला इजा करण्याची कल्पना, कितीही शांतपणे आलेली असली तरी. अनास्थेत असे विचार अनेकदा अश्रूंशिवाय, अगदी कोरडेपणाने येतात, म्हणून माणूस स्वतःच त्यांना गांभीर्याने घेत नाही. असं काही असेल तर आजच्या आज जवळच्या एका माणसाला सांगा आणि त्याला घेऊन रुग्णालयात जा.

बाकी वेळी, डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘तसं सगळं ठीक आहे’ हे वाक्य तुमच्या तोंडून आपोआप निघेल, कारण वर्षभर तुम्ही तेच म्हणत आला आहात. म्हणून घरूनच चार ओळी लिहून न्या. केव्हापासून, आधी कशात रस होता आणि आता नाही, कोणती औषधं आणि किती मात्रेत, झोपेचं खरं काय. सोबत तो आकड्यांचा आठवडा जोडा. बोलवत नसेल तर कागद सरळ त्यांच्या हातात द्या.